सिक्वेन्स हातात असून हरलो

आमच्याकडे लक्ष्मीपूजनाच्या रात्री आत्याकडे तीन पत्ती बसते. सिक्वेन्स (ओळीने येणारी पानं) कलरला (एकाच चिन्हाची पानं) मारतो, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं. तेच ज्ञान घेऊन २०२२ च्या जूनमध्ये मी मोबाइलवर पैशांचं पोकर खेळायला बसलो. टेबल एक-दोन रुपयांच्या ब्लाइंडचं (पानं बघण्याआधी दोघांनी सक्तीने भरायचे पैसे), म्हणजे दोनशे रुपयांत पूर्ण बाय-इन, टेबलावर घेऊन बसायची रक्कम.

तिसऱ्या दिवशी हातात दश्शी-नव्वी आली. टेबलावर, सगळ्यांच्या सामायिक पानांत, गुलाम, अठ्ठी आणि दुर्री, तिन्ही बदामाच्या. चौथं पान इस्पिकची सत्ती. झाला की सिक्वेन्स! समोरच्याने सगळे पैसे पुढे सारले, मी क्षणाचाही विचार न करता कॉल केला, म्हणजे तेवढेच पैसे भरले. त्याच्याकडे बदामाची दोन पानं होती आणि पैसे त्याच्याकडे गेले. ॲप गंडलंय अशी माझी इतकी खात्री, की मी तक्रारीचा मेलसुद्धा टाकला. उत्तरात त्यांनी हातांची क्रमवारी पाठवली, बाकी एक शब्द नाही. पोकरमध्ये कलर सिक्वेन्सच्या वर होता.

कारण मात्र पटण्यासारखं आहे. तीन पानांत कलर १,०९६ प्रकारे होतो, साधा सिक्वेन्स ७२० प्रकारे. पोकरचा हात पाच पानांचा, तिथे हेच उलटतं: सिक्वेन्स १०,२०० प्रकारे, कलर फक्त ५,१०८ प्रकारे. जे कमी वेळा येतं, ते वरचं. तीन पत्तीतून येणाऱ्याने पैसे भरण्याआधी एवढं तरी डोक्यातून पुसून घ्यावं.

त्यानंतर मी एक वही केली. तारीख, किती घेऊन बसलो, किती घेऊन उठलो, किती वाजता उठलो. खेळायला वेगळे सहा हजार ठेवले, म्हणजे तीस बाय-इन. ते संपले की खेळ बंद, असं बायकोला सांगून ठेवलं. स्वतःला सांगून उपयोग नसतो.

हात कुठले खेळायचे हे लवकर जमलं: दहापैकी सात-आठ टाकून द्यायचे. कंटाळा येतो, पण येऊ द्यावा. डीलरचं बटण (दर डावाला पुढे सरकणारी खूण) आपल्यासमोर असेल तर पहिली फेरी सोडून आपण सगळ्यात शेवटी बोलतो, तेव्हा थोडं मोकळं खेळलं तरी चालतं. एक्क्यांची जोडी सरासरी २२१ हातांत एकदा येते. ती आल्यावर हळूच खेळून सगळ्यांना आत घेण्याची हुशारी करू नये. एकासमोर ती साधारण ८५ टक्के वेळा टिकते, चौघे आत आले तर निम्म्याच्या जरा वर.

वेळ लागला तो पैसे भरायचे की नाही हे ठरवायला. समजा पॉटमध्ये, म्हणजे मधे जमलेल्या पैशांत, ६० रुपये आहेत, समोरच्याने ३० लावले. मला ३० भरून १२० च्या पॉटवर हक्क सांगायचाय, म्हणजे चारात एकदा तरी जिंकायला हवं. माझा कलर व्हायला एक पान कमी आहे आणि एकच पान यायचंय. न दिसलेली पानं ४६, त्यातली माझ्या कामाची नऊ. पाचात एकदाही धड नाही. तर टाका. कलर लागल्यावर समोरचा आणखी पैसे देईल, हे खरं असू शकतं, पण नवख्याने त्या भरवशावर बसू नये. हे गणित कळूनही मी पुढे महिनाभर कॉल करतच होतो.

वहीने दोन गोष्टी दाखवल्या. रात्री अकरानंतरचे जवळजवळ सगळे आकडे लाल. हरलेले भरून काढायला बसलेलो असायचो, दुसरं काही नाही. दुसरी गोष्ट जास्त लागली. तीन महिन्यांत २,३०० रुपये हरलो होतो, आणि हातांचा इतिहास काढून बेरीज केली तर माझ्या पॉटांतून कापलेला रेक, म्हणजे ॲपचा वाटा, त्याहून जास्त निघाला. म्हणजे समोर बसलेल्यांना मी हरवत होतो, टेबल मांडणाऱ्याला नाही.

पुढे सरकारही टेबलावर आलं. १ एप्रिल २०२३ पासून निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के टीडीएस, १ ऑक्टोबरपासून भरलेल्या रकमेवर २८ टक्के जीएसटी. शंभर भरले की त्यातले २१ रुपये ८८ पैसे करात. ॲप तेवढे बोनस म्हणून द्यायचं, पण ते सोडवायला खेळावं लागायचं, आणि खेळलं की रेक.

२२ ऑगस्ट २०२५ ला पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणाऱ्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली आणि रोख टेबलं बंद पडली. माझे ३,४१२ रुपये आत होते. काढायला गेलो तर पॅनवर वडिलांच्या नावासह पूर्ण नाव, बँकेत आडनाव आधी आणि मधलं नावच नाही. जुळेना. पासबुकाचा फोटो, पुन्हा फोटो, चार दिवसांनी पैसे आले. नाव खेळायला लागण्याआधीच जुळवून ठेवायला हवं होतं.

आता टेलिग्रामवर परदेशी साइटच्या लिंका येतात, क्रिप्टोने पैसे भरा म्हणतात. मी भरत नाही. अडकले तर मागायचे कुणाकडे? खरंच खेळायचं असेल तर पणजीला मांडवीत कॅसिनोच्या बोटी आहेत, पण तिथे दोनशे रुपयांत कुणी बसवून घेणार नाही.

बंदी आली त्या वर्षीच्या दिवाळीत आत्याकडे नेहमीप्रमाणे डाव मांडला. शेवटी मी आणि आतेभाऊ उरलो. मी सिक्वेन्स दाखवला, त्याने कलर टाकला, आणि मी मधले पैसे त्याच्याकडे सरकवायला लागलो. आत्याने माझा हात धरला. "अरे बाबा, तुझे आहेत ते."