तुम्ही विचारलंत म्हणून: हायब्रिड सुपरकार की जुनी क्लासिक?

माझा धंदा इंजिनांचा. नागपूरच्या कॉटन मार्केटच्या बाजूला आमचं बोरिंगचं दुकान आहे. सिलिंडर बोअर करणं, क्रँक घासणं, हेडचं फेसिंग, लेथवर बुश काढणं हे रोजचं काम. इंजिनिअरिंगची पोरं प्रोजेक्टच्या निमित्तानं येतात, जुन्या फिएट-अ‍ॅम्बेसेडरवाले गाडी घेऊन येतात आणि चहा आला की दोघांचा प्रश्न एकच असतो. "काका, सांगा न, हायब्रिड सुपरकार भारी की जुनी क्लासिक?" पोरं नव्याच्या बाजूनं आणि वयस्क मंडळी जुन्याच्या बाजूनं, असंही नसतं. विशीतला मुलगा जुन्या फेरारी एफ40 साठी जीव टाकतो आणि निवृत्त प्राध्यापक हायब्रिड पोर्शे 918 चा कैवार घेऊन भांडतात. उभ्या-उभ्या दिलेलं उत्तर अर्धवट राहतं, म्हणून नीट लिहितो.

जुन्याची बाजू घेणारे आधी आवाजाचं काढतात. आवाज मलाही प्यारा आहे. इंजिन हेड उघडण्याआधी मी कानानंच तपासतो. पण या वादात तो मुद्दा टिकत नाही. 2013 ची ला फेरारी हायब्रिड आहे, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला इलेक्ट्रिक मोटर, आणि तिच्यात 6.3 लिटरचं व्ही12, म्हणजे बारा सिलिंडरचं इंजिन आहे, टर्बो नाही. 2023 ची लॅम्बोर्गिनी रेव्हुएल्टो घ्या. तिच्यात तीन इलेक्ट्रिक मोटरी आहेत आणि त्यांच्या जोडीला 6.5 लिटरचं, टर्बो नसलेलं व्ही12, जे मिनिटाला नऊ हजारांच्या वर फेऱ्या घेतं. मोटर लावली म्हणून आवाज मेला, असं या गाड्यांबद्दल म्हणता येत नाही. आणि हायब्रिड म्हणजे कालपरवाचं खूळ, असंही नाही. फर्डिनांड पोर्शे यांनी पेट्रोल इंजिनानं वीज तयार करून चाकांतल्या मोटरी फिरवणारी गाडी 1900 च्या सुमारालाच बनवली होती.

आता मोटर करते काय, ते सांगतो, कारण भांडणाऱ्यांपैकी पुष्कळांना ती फक्त पेट्रोल वाचवायला बसवलीय असं वाटतं. रेव्हुएल्टोची बॅटरी 3.8 किलोवॉट-तासांची आहे. निव्वळ विजेवर ती गाडी दहाएक किलोमीटर जाते, म्हणजे झिरो माइलपासून विमानतळ गाठला की संपली. एवढ्याशा बॅटरीनं पेट्रोल किती वाचणार? तिचं काम वेगळं आहे.

एफ40 घ्या. 1987 ची गाडी, 2.9 लिटरचं व्ही8, दोन टर्बो, 478 अश्वशक्ती, वजन सुमारे 1,100 किलो. पॉवर स्टीअरिंग नाही, एबीएस नाही. टर्बो म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा, तो फिरतो एक्झॉस्टच्या वायूवर. फेऱ्या कमी असताना तो वायू पुरेसा नसतो, म्हणून पेडल दाबलं तरी गाडी क्षणभर काहीच करत नाही, आणि मग सगळी ताकद एकदम येते. मॅक्लारेनच्या हायब्रिड पी1 मध्ये नेमक्या त्या क्षणासाठी 179 अश्वशक्तीची मोटर आहे. मोटरला पूर्ण पीळ, म्हणजे टॉर्क, शून्य फेऱ्यांपासूनच मिळतो. टर्बो जागा होईपर्यंत मोटर ओढते, तो जागा झाला की दोघं मिळून 916 अश्वशक्ती देतात. गिअर वर टाकताना हीच मोटर उलटा जोर लावून इंजिनाच्या फेऱ्या पटकन खाली आणते. ज्यानं हे पहिल्यांदा कागदावर मांडलं असेल, त्याच्यापुढे मी हात जोडतो. 918 मध्ये पुढच्या चाकांनाही मोटर आहे, म्हणून वळणातून निघताना चारही चाकं गाडी ओढतात. 2013 मध्ये त्या गाडीनं जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंग या रेसट्रॅकचा उत्तरेकडचा मोठा फेरा 6 मिनिटं 57 सेकंदांत मारला, आणि तेही सुमारे 1,640 किलो वजन घेऊन.

म्हणजे यंत्र म्हणून पाहिलं तर नवी गाडी सरस आहे. हे मी कुणाला दुखवायला सांगत नाही. जुन्यावर प्रेम करायचं तर आधी एवढं मान्य करावं.

मग पुढचा मुद्दा येतो, "पण नव्या गाडीत जीव नाही, सगळा कॉम्प्युटर." हे वाक्य ऐकलं की मला पोर्शे 959 आठवते. ती एफ40 च्या वर्षभर आधी आली. चारही चाकांना ताकद वाटून देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, एकामागून एक जागे होणारे दोन टर्बो, वेगाप्रमाणे बदलणारी गाडीची उंची, टायरमधल्या हवेवर नजर ठेवणारे सेन्सर. त्या काळी 959 की एफ40 हा वाद अगदी असाच होता. एक बाजू म्हणायची, 959 म्हणजे फार हुशार आणि थंड गाडी. दुसरी म्हणायची, एफ40 म्हणजे नुसता रांगडेपणा. आज दोन्ही क्लासिक आहेत आणि त्यांना नावं ठेवायला कुणी धजत नाही. जीव आहे की नाही, हे ठरवायला लोकांना तीस-चाळीस वर्षं लागतात. म्हणून मी त्या मुद्द्यावर मत बनवत नाही.

माझा मुद्दा दुरुस्तीचा आहे. गाडी बंद पडल्यावर ती कोण चालू करू शकतो?

आपल्याकडे 2021 च्या नियमानुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदवता येतं, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. प्रीमियर पद्मिनी हे नाव 1974 चं, म्हणजे सुरुवातीच्या पद्मिनींनी ती पन्नाशी गाठली आहे. त्यांतली एखादी आमच्याकडे आली तर 1,089 सीसीचं इंजिन आम्ही उघडतो, बोअर करतो, मापाचे पिस्टन-रिंगा घालतो, बुश मिळाला नाही तर लेथवर काढतो आणि गाडी चालू करून देतो. पद्मिनी बनणं केव्हाच थांबलं, पण गाडी अडलेली नाही. आता हीच कसोटी पी1 ला लावा. 2013 ची गाडी 2063 मध्ये व्हिंटेज होईल. तेव्हा तिची बॅटरी कुठून आणायची? तिच्यातल्या कंट्रोलरशी कुठल्या सॉफ्टवेअरनं बोलायचं?

इथे एक गोष्ट जुन्यावाल्यांनी नीट ऐकावी, कारण ती त्यांच्या लाडक्या गाडीची आहे. मॅक्लारेन एफ1, 1992 ची. गॉर्डन मरे यांची रचना, चालक मधोमध, बीएमडब्ल्यूचं 6.1 लिटरचं व्ही12, इंजिनाच्या खणाला उष्णता परतवायला सोन्याचा पत्रा. सगळ्या मिळून 106 बनल्या. या गाडीत मोटर नाही, बॅटरी आहे ती साधी 12 व्होल्टची. पण तिच्या कॉम्प्युटरशी बोलायला नव्वदच्या दशकातला कॉम्पॅकचा एक विशिष्ट लॅपटॉप लागायचा, कारण त्यात बसणारं खास कार्ड दुसऱ्या कशात चालत नव्हतं. 2016 मध्ये हे सगळ्या जगाला कळलं, तेव्हा मॅक्लारेनकडे जपून ठेवलेले तेच जुने लॅपटॉप वापरात होते आणि पर्याय बनवायचं काम चाललं होतं. कोट्यवधींची गाडी, जगातल्या सर्वांत आदरणीय क्लासिकपैकी एक, आणि तिचा श्वास बाजारातून गेलेल्या लॅपटॉपवर. त्यामुळे रेघ 'हायब्रिड' आणि 'जुनी' यांच्यामध्ये ओढू नका, असं मी म्हणतो. ज्या गाडीचा सुटा भाग दुसरा माणूस बनवू शकतो ती एका बाजूला, आणि ज्या गाडीला फक्त तिची कंपनीच हात लावू शकते ती दुसऱ्या बाजूला.

एफ40 मध्येही मुदतीचा भाग आहे. तिच्या पेट्रोलच्या टाक्या रबरी पिशवीसारख्या असतात आणि साधारण दहा वर्षांनी बदलाव्या लागतात. पण ती पिशवी दुसरा कारागीर बनवू शकतो, किंवा पुष्कळ मालक करतात तशी अ‍ॅल्युमिनियमची टाकी बसवता येते. पोर्शेनं 2018 मध्ये 959 च्या क्लचचा एक लिव्हर थ्रीडी प्रिंटिंगनं छापून दिला. धातूचा भाग कधीच पूर्ण संपत नाही, कारण त्याचं माप घेता येतं. माझ्या सगळ्या धंद्याचा आधार हाच. बॅटरीतलं रसायन आणि कुलूपबंद सॉफ्टवेअर यांचं माप मायक्रोमीटरनं घेता येत नाही.

कंपन्यांना हे कळत नाही असं नाही. फेरारीनं 2024 मध्ये हायब्रिड गाड्यांसाठी वाढीव वॉरंटी आणली, त्यात मोठी बॅटरी आठव्या आणि सोळाव्या वर्षी बदलून मिळते. पैसे भरावे लागतात, पण बॅटरी मुदतीची वस्तू आहे हे त्यांनी उघड मान्य केलं, हे मला आवडलं. सोळा वर्षांनंतर काय, हा प्रश्न उरतोच. बॅटरीच्या जोडण्यांचे आणि सॉफ्टवेअरचे तपशील काही वर्षांनी खुले करायला कंपन्यांना भाग पाडणारा कायदा हवा, असं माझं ठाम मत आहे.

आता नागपूरचं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा नव्या-जुन्या दोघींचे हाल होतात. फिएटचा पेट्रोल पंप इंजिनालाच चिकटलेला, तो तापला की आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि वर्धा रोडच्या सिग्नलला गाडी मान टाकते. पंपावर ओलं फडकं ठेवलं की थोड्या वेळात पुन्हा चालू. लिथियमच्या बॅटरीलाही उष्णता मानवत नाही, म्हणून तिला स्वतंत्र कूलिंग असतं. ते कूलिंग बिघडलं तर ओलं फडकं उपयोगाचं नाही. तिथे काही शे व्होल्टचा प्रवाह असतो, केशरी वायरींना उगाच हात लावायचा नसतो. जुन्या गाडीवाल्यांना सध्याचा खरा त्रास मात्र पेट्रोलमधल्या वीस टक्के इथेनॉलचा आहे. ते जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा खातं, ओल धरून ठेवतं आणि गाडी महिनोन्महिने उभी राहिली तर टाकी आतून गंजते. नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घालून घ्या, टाकी वर्षातून एकदा उतरवून पाहा आणि गाडी दर आठवड्याला थोडी तरी चालवा.

तर, विचारलंत म्हणून उत्तर. समृद्धी महामार्गावर 120 च्या मर्यादेत एक दिवस चालवायला दिली तर मी पी1 घेईन, कारण ती मोटर टर्बोची दरी कशी भरते ते मला पायाखाली अनुभवायचंय, आणि ते 120 च्या आतही कळतं. सांभाळायला दिली तर एफ40. तिच्यातही इंजेक्शनचा कॉम्प्युटर आहे, पण उरलेली जवळजवळ सगळी गाडी मला माझ्या दुकानातल्या अवजारांनी समजते.

आणि जी पोरं विचारतात, "काका, मग आम्ही काय शिकू?" त्यांना माझं सांगणं असतं की दोन्ही शिका. आयटीआयमध्ये आता मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेइकल हा ट्रेड आहे. मोठ्या व्होल्टची लाइन बंद कशी करायची, इन्सुलेशन कसं तपासायचं, खराब सेल कसा शोधायचा, हे हातानं करून पाहा. लेथ शिकायचा असेल तर शनिवारी दुपारनंतर दुकानात या, तेव्हा मशीन मोकळं असतं.