जाकिटाच्या आत काय घालणार?

परवा भाचीचा फोन आला. जानेवारीत ती शिकायला इकडे, या थंडीच्या देशात, येते आहे. पहिलाच प्रश्न, "मावशी, जाकीट किती जाड घेऊ?" मी म्हटलं, जाकिटाचं नंतर बघू, आधी सांग, आत काय घालणार आहेस? पलीकडे क्षणभर शांतता. मग हळूच उत्तर आलं, "आत? बनियन."

तिकडून येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचं हेच उत्तर असतं. माझंही हेच होतं. थंडी म्हणजे बाहेरून येणारी गोष्ट, म्हणून सगळा पैसा आणि सगळी काळजी बाहेरच्या कपड्यावर. पण बाहेर चालताना माणूस काकडतो तो बहुतेक वेळा आतल्या ओलीमुळे, आणि ती ओल आपलीच असते. भाचीला फोनवर आतल्या रेशमी थराबद्दल जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहिते आहे, कारण दरवर्षी ऑक्टोबर उजाडला की हाच प्रश्न मला चार जण तरी विचारतात.

माझा इथला पहिला हिवाळा. नोव्हेंबरच्या शेवटी ऑफिसातल्या चौघांबरोबर एका टेकडीवर चालायला गेले होते. तापमान उणे ३. अंगात सुती बनियन, त्यावर लोकरीचा स्वेटर, वर नवं कोरं जाड जाकीट. चढावर अर्ध्या तासात मला उकडायला लागलं. जाकीट काढायचा धीर होईना, म्हणून तशीच चढत राहिले. माथ्यावर पोचून आम्ही थांबलो, आणि पाचच मिनिटांत पाठीवर कुणीतरी ओलं फडकं दाबून धरल्यासारखं वाटू लागलं. मग दातावर दात. स्वेटर कोरडा, जाकीट कोरडं, आणि तरी हुडहुडी थांबेना.

आमच्यातली एक बाई वयाने मोठी, आयुष्यभर याच हवेत डोंगर चालत आलेली. तिने काही न बोलता माझ्या कॉलरच्या आत दोन बोटं घातली, ओलं लागल्यावर मान हलवली, आणि सॅकमधून पिशवीत गुंडाळलेलं काहीतरी काढून माझ्या हातात ठेवलं. लांब बाह्यांचा राखाडी रेशमी शर्ट. घडी मुठीत मावेल एवढी, आणि हातावर पसरला तर खालच्या रेषा दिसाव्यात इतका पातळ. एवढ्याशा कापडाने काय होणार, असं माझ्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं असणार. दोघींनी जाकिटं धरून आडोसा केला, मी ओलं बनियन उतरवलं आणि तो शर्ट चढवला. गार कापड पाठीला टेकणार म्हणून मी श्वास रोखून धरला होता. पण तो चटका बसलाच नाही. दहा मिनिटांत दात वाजायचे थांबले. बनियन पिळलं तेव्हा त्यातून पाणी ठिबकलं.

त्या दिवसापासून मी या कापडाच्या मागे लागले, आणि आता पाच हिवाळे रेशीम अंगात घालून हिंडते आहे.

कारण साधं आहे. पाण्यातून उष्णता हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने वाहून जाते. कापडाच्या धाग्यांमध्ये हवा असते तोवर ते ऊब धरतं. त्या हवेची जागा पाण्याने घेतली की तेच कापड आपल्या अंगाची ऊब बाहेर ओढून न्यायला लागतं. सुती कापड घाम भरपूर पितं आणि सोडताना फार वेळ लावतं. उन्हाळ्यात याच गुणासाठी आपण सुती घालतो. उणे तापमानात तोच गुण अंगाशी येतो.

रेशीमही ओल पितं, पण त्याची तऱ्हा वेगळी. रेशीम म्हणजे फायब्रॉइन नावाचं प्रथिन. साधारण दमट हवेत हा धागा स्वतःच्या वजनाच्या ११ टक्क्यांच्या आसपास बाष्प आत धरून ठेवतो. सुती धागा ८ टक्के, लोकर १६ टक्के आणि पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. म्हणजे अंगातून निघालेली वाफ घामाचा थेंब होण्याआधीच रेशीम आणि लोकर ती धाग्याच्या पोटात घेतात, आणि हाताला कापड कोरडंच लागतं. शिवाय रेशमी आतला थर इतका पातळ असतो की अगदी भिजला तरी त्यात मावणारं पाणीच थोडं. थोडं पाणी लवकर उडतं. त्या टेकडीवर गार चटका का बसला नाही, याचं उत्तरही याच पातळपणात आहे. कापडाला वजनच नाही, तर ते तापवायला अंगातली ऊब तरी कितीशी जाणार?

आता एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण रेशीम विकणारे ती सहसा सांगत नाहीत. नुसतं रेशीम फार गरम नसतं. पातळ कापडात हवा अडकणार तरी किती? ऊब देण्याचं काम मधल्या थराचं, म्हणजे फ्लीसचं (पॉलिएस्टरचं मऊ, लवदार कापड) किंवा लोकरीच्या स्वेटरचं. वारा अडवण्याचं काम बाहेरच्या जाकिटाचं. कातडी कोरडी ठेवायची आणि वरच्या थरांना नीट काम करू द्यायचं, हे रेशमाचं काम. "रेशमी थर्मल घातलं आणि तरी थंडी वाजली" म्हणणाऱ्यांनी बहुतेक वेळा मधला थर गाळलेला असतो.

वरच्या थरांना काम करू देणं म्हणजे काय, हे मला नीट कळलं ते ब्रिटिश गिर्यारोहक जॉर्ज मॅलरींच्या कपड्यांबद्दल वाचताना. १९२४ साली ते एव्हरेस्टवर हरवले. १९९९ च्या मे महिन्यात त्यांचा देह उत्तरेच्या बाजूला ८,१०० मीटरच्याही वर सापडला, आणि अंगावर कपड्यांचे थर अजून शिल्लक होते. रेशीम, सुती, लोकर, आणि सगळ्यांत बाहेर घट्ट विणीचं गॅबर्डिन. त्या तुकड्यांचा अभ्यास करून ब्रिटनमधल्या संशोधकांनी तसेच कपडे पुन्हा शिवले, आणि २००६ मध्ये ग्रॅहम हॉयलंड या गिर्यारोहकाने ते एव्हरेस्टच्या परिसरात घालून पाहिले. मॅलरी अपुऱ्या कपड्यांत वर गेले, असा अनेक वर्षांचा समज होता. प्रत्यक्षात कपडे हलके आणि सुखाचे निघाले. मला मोलाची वाटली ती थरांची रचना. रेशीम गुळगुळीत, त्यामुळे एक थर दुसऱ्यावरून सरकतो. हात वर केला की सगळे कपडे एकदम ओढले जात नाहीत. चालताना हजारो वेळा गुडघा वाकतो, खांदा फिरतो. दर वेळी कापड कापडाला अडलं तर ती ताकद आपल्याच अंगातून जाते.

घरी करून बघायचं असेल तर सुती पूर्ण बाह्यांच्या बनियनवर लोकरीचा स्वेटर चढवा. आतली बाही कोपरापर्यंत गोळा होऊन येते आणि मग आपण बोटं घालून ती खाली ओढत बसतो. रेशमी बाही जागची हलत नाही. स्वेटर तिच्यावरून नुसता घसरतो.

लोकर टोचते म्हणून आतून लोकर घालू न शकणारे बरेच जण असतात. माझीही कातडी तशीच. टोचण्याचं कारण म्हणजे धाग्याची जाड, ताठ टोकं. मेरिनो जातीच्या मेंढीची लोकर बरीच बारीक, १७ ते १९ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणून ती अनेकांना चालते. रेशमाचा एकेरी तंतू त्याहून बारीक, १० ते १३ मायक्रॉन. शिवाय कोशातून तो सलग निघतो, एकेका कोशातून शेकडो मीटर. टोकंच नाहीत, तर टोचणार काय? काखेत आणि मांड्यांच्या आत, जिथे दिवसभर चालून कातडी सोलवटते, तिथे याचा फरक संध्याकाळी कळतो.

पण सगळीकडे रेशीमच, असा माझा आग्रह नाही. धावायचं असेल, बर्फावर जोरात स्की करायची असेल, घामाच्या धारा लागणार असतील, तर जरा जाड मेरिनो किंवा चांगलं पॉलिएस्टर बरं. भरपूर घाम वेगाने बाहेर टाकण्यात रेशीम त्यांच्या मागे पडतं. चार-पाच दिवस तेच कपडे अंगात ठेवायचे तर वासाच्या बाबतीत मेरिनोला तोड नाही. रेशीम त्याच्या खाली आणि पॉलिएस्टर सगळ्यांत शेवटी, असा माझा अनुभव. मंद ते मध्यम चालणं, बसची वाट बघणं, बर्फात उभं राहून फोटो काढणं, तंबूत झोपणं, अशा ठिकाणी रेशीम शोभतं. आणि शहरात राहणाऱ्याचा हिवाळा बहुतेक असाच जातो. बाहेर उणे १२, आत शिरलं की हीटरचे २२. जाड थर्मल घातलेला माणूस वर्गात बसून घामाघूम होतो, कारण सगळ्यांत आतला कपडा चारचौघांत काढता येत नाही. रेशमी थर आत राहू द्यायचा, वरचा स्वेटर काढायचा, झालं.

शेकोटीजवळ बसणाऱ्यांसाठी आणखी एक. ठिणगी पडली तर पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतं. रेशीम वितळत नाही, जळून त्याची काळी भुकटी होते. हा धागा किती चिवट असतो, हेही विसरू नका. अफगाणिस्तानातल्या ब्रिटिश सैनिकांना रेशमी अंतर्वस्त्रं दिली होती, स्फोटात उडणारी माती कातडीत घुसू नये म्हणून.

घेताना वीण बघा. मागावर विणलेलं सपाट रेशमी कापड ताणलं जात नाही. खांद्यात फाटतं नाहीतर काखेत काचतं. आतल्या थराला होजिअरीची, टी-शर्टासारखी वीण हवी. कापड दोन बोटांत ताणून सोडा, परत जागेवर आलं तर ठीक. दुसरं म्हणजे धागा. तुटक तंतू कातून केलेल्या स्वस्त रेशमावर महिन्याभरात बारीक गोळे येतात. सलग तंतूचं रेशीम गुळगुळीत राहतं आणि दिव्याखाली वेगळीच चमक देतं, कारण त्या तंतूचा छेद गोल नसून त्रिकोणी असतो आणि प्रकाश त्याच्या बाजूंवरून परततो. कपडा अंगाबरोबर बसणारा घ्या. सैल घेतला तर कापड आणि कातडी यांच्यात फट राहते आणि वाफ धाग्यापर्यंत पोचण्याऐवजी अंगावरच गार होते. शर्टाची लांबी कमरेखाली वीतभर तरी हवी, नाहीतर सॅक उचलताना पाठ उघडी पडते.

पहिल्यांदा पूर्ण जोडी घ्यायला मन होत नसेल, तर रेशमी हातमोजे घ्या. जाड हातमोज्यांच्या आत घालायचे. चाव्या, कॅमेरा, सॅकची बक्कलं, सगळं बाहेरचा मोजा काढून नुसत्या रेशमी मोज्यात करता येतं, आणि गार धातू उघड्या बोटाला लागत नाही. स्लीपिंग बॅगच्या आतलं रेशमी अस्तरही असंच. मुठीएवढं होतं आणि बॅग आतून स्वच्छ ठेवतं.

धुण्याचं मात्र मनावर घ्या, कारण माझा पहिला शर्ट मी धुण्यातच गमावला. डाग काढण्यासाठी पावडरीत जी एन्झाइम असतात, त्यांतली काही प्रथिनं विरघळवायलाच घातलेली असतात. रेशीम म्हणजे प्रथिनच. चार-सहा धुण्यांत काखेजवळचं कापड विरून जाळी झाली. तेव्हापासून लोकर-रेशमाचा सौम्य द्रव साबण, कोमट पाणी आणि हलकेच दाबून काढणं. ब्लीच अजिबात नाही. ओलं असताना रेशीम कमजोर असतं, म्हणून पिळायचं नाही. टॉवेलवर पसरायचं, टॉवेलसकट गुंडाळी करायची, गुडघ्याने दाबायची, आणि सावलीत टाकायचं. उन्हात रेशीम पिवळं पडतं. रात्री अकराला धुतलेला शर्ट सकाळी सातला कोरडा मिळतो, म्हणून प्रवासात दोन पुरतात. उन्हाळ्यात ठेवून देताना स्वच्छ धुऊनच ठेवा, घामाच्या डागावर कसर आधी लागते. हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत फ्लीसखाली रेशीम घातलं की काढताना चटचट ठिणग्या उडतात. हाताला थोडं क्रीम लावलेलं असलं की कमी होतं.

एका वाचक ताईंनी मागे विचारलं होतं, किडे मारून काढलेलं रेशीम अंगात घालवतं कसं? प्रश्न खरा आहे. नेहमीच्या रेशमात कोश उकळत्या पाण्यात किंवा वाफेत घालतात, आतला जीव मरतो, तेव्हाच सलग तंतू मिळतो. पतंग बाहेर पडल्यावर कातलेलं अहिंसा रेशीम मिळतं, पण कोश फुटलेला असल्याने तंतू तुटक, म्हणून ते जरा खरखरीत आणि जाड. मी नेहमीच्या रेशमाचे मोजकेच कपडे घेते आणि ते जपून वापरते. ज्यांना तेही नको, त्यांनी मेरिनो किंवा पॉलिएस्टर घ्यावं, थंडीतून नक्की निभावतं.

भाचीचं माप काल आलं. छाती, कंबर, आणि मी मुद्दाम मागितलेली मनगटापर्यंतची बाही. रेशमी शर्ट आणि विजार इथूनच घेऊन ठेवते आहे. ती उतरली की विमानतळाच्या दारातून बाहेर पडण्याआधी तिला आडोशाला नेऊन बदलायला लावणार आहे. जाकीट तिने तिच्या आवडीच्या रंगाचं आणावं.