दुसऱ्या ओळखीच्या माणसाचं नाव

धाकटा भाऊ सात वर्षांची शिक्षा भोगून नाशिकरोडच्या तुरुंगातून सुटला. लालबागच्या चाळीत आमची खोली आहे, पण तिथे त्याला नेणं शक्यच नव्हतं. ज्या मुलीवर त्याने अत्याचार केला, तिचे आईवडील आजही त्याच चाळीत राहतात. त्यांनी रोज त्याचं तोंड बघायचं, हे मलाच मान्य नव्हतं. तो कुर्ल्याला एका वर्कशॉपमध्ये कामाला लागला आणि तिथल्याच पोटमाळ्यावर झोपू लागला.

खोलीसाठी मी तीन महिने फिरले. एकटा पुरुष म्हटल्यावर निम्मे मालक तिथेच नकार देत. उरलेले विचारत, "इतकी वर्षं कुठे होता?" मानखुर्दला मी सांगितलं, दुबईला. टोकनही दिलं. निघताना शेजारच्या दारात दोन लहान मुली सागरगोटे खेळत बसलेल्या दिसल्या. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी फोन करून खरं सांगितलं. टोकन परत मिळालं, पण दलालाने माझा नंबर ब्लॉक केला.

लोक विचारतात, असल्या माणसांची यादी असते ना? लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद २०१८पासून आहे, पण ती फक्त पोलीस यंत्रणेला बघता येते. म्हणून घरमालकाला सांगण्याची जबाबदारी मी माझीच मानली. यापुढे खोटं बोलायचं नाही, असं ठरवलं.

भांडुपला एका निवृत्त गृहस्थांनी सगळं ऐकून घेतलं. "कामाला जातो ना रोज? आणि तुम्ही येत राहणार ना?" एवढंच विचारलं. खोली कारखान्यांच्या बाजूला, खाली गोदाम. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार झाला, एजंटने घरी येऊन अंगठे घेतले.

मग पोलिसांना द्यायची भाडेकरूची माहिती भरायला बसलो. फोटो, आधार, कामाचा पत्ता. भाडेकरूला ओळखणाऱ्या माणसांची नावं आली, तिथे हात थांबला. पहिलं माझं लिहिलं. दुसरं कोणाचं? मामांनी फोन उचलला नाही. भाऊ म्हणाला, "ताई, राहू दे." शेवटी वर्कशॉपच्या मालकांना विचारलं. ते म्हणाले, "लिहा माझं. पण तो चुकला तर पोलिसांना पहिला फोन मीच करणार." मी म्हटलं, करा. मीही करीन.

करार फेब्रुवारीत संपतोय. दर रविवारी मी डबा घेऊन जाते, घरमालकांशी दोन शब्द बोलते. पुढच्या वर्षाचं विचारलंय. बघू म्हणालेत.