चिली रासबोरासाठी आधी पाणी घडवलं

पहिल्या खेपेला मी घाई केली. नळाच्या क्षारांनी जड झालेल्या, स्वच्छ पाण्यात दहा चिली रासबोरा सोडले. रंग उडालेले मासे कोपऱ्यात अंग चोरून राहिले आणि आठवड्यात चार दगावले. त्या चार माशांचं मला अजून वाईट वाटतं.

मग वाचायला बसलो. चिली रासबोरा, शास्त्रीय नाव बोरारास ब्रिजिटी, हा नैऋत्य बोर्निओच्या पीट दलदलीतल्या जंगलांचा मासा, पूर्ण वाढलेला जेमतेम दोन सेंटिमीटरचा. आधीच्या ‘रासबोरा’ प्रजातीच्या तुलनेत धडाच्या आणि शेपटीच्या मणक्यांचं प्रमाण उलटं, म्हणून १९९३ मध्ये त्याच नावाची अक्षरं फिरवून ‘बोरारास’ ही प्रजाती केली गेली! त्या दलदलीत पानं-फांद्या पुरत्या कुजतच नाहीत, थरावर थर साचतात, तोच पीट. पानांतलं तपकिरी द्रव्य, टॅनिन, उतरून पाणी कोऱ्या चहासारखं होतं, क्षार नावालाच, पाणी चांगलंच आम्लधर्मी, आणि वर झाडांची इतकी दाटी की ऊन क्वचितच पोचतं.

उरलेले सहा मासे जुन्याच टाकीत जपले आणि दुसरी टाकी लावली. आरओचं पाणी, मंद स्पंज फिल्टर, जावा मॉस, तरंगत्या वनस्पती, तळाला देशी बदामाची वाळलेली पानं. आम्लधर्मी पाण्यात माशांच्या मलमूत्रातला विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू फार सावकाश वाढतात. सहा आठवडे रोज चाचणी केली, अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर टिकल्यावरच मासे हलवले, तेही नव्या पाण्याचे थेंब दोन तास त्यांच्या भांड्यात पाडत.

चौथ्या दिवशी नर लाल झाले. तांबूस पाण्यात तो लाल रंग आणि अंगावरची काळी रेघ पाहत मी कितीतरी वेळ बसून होतो.

त्याच सुमारास बोर्निओच्या इंडोनेशियातल्या भागातल्या मध्य कालिमंतानबद्दल वाचलं. १९९० च्या दशकात भातशेतीसाठी तिथे दहा लाख हेक्टरची योजना आखली, कालवे खणून दलदल सुकवली, आणि १९९७ मध्ये तो सुका पीट पेटला. माझ्या टाकीतलं पाणी मी पुन्हा बनवू शकतो. ते थर साचायला हजारो वर्षं लागली होती.

हे मासे अंडी मॉसमध्ये विखुरतात आणि सापडली तर खातातही. म्हणून थोडं मॉस काढून वेगळ्या डब्यात ठेवलं. तिसऱ्या दिवशी काचेला चिकटलेली तीन पिल्लं दिसली, पापणीच्या केसाच्या तुकड्याएवढी. पिल्लांना एरवी देतात ती आर्टेमिया या इवल्या खाऱ्या पाण्यातल्या जीवाची पिल्लंही त्यांच्या तोंडात मावेनात, तेव्हा पानांवर वाढलेले सूक्ष्मजीव ड्रॉपरने देत राहिलो. दोन जगली.