एक्सपी मशीनवरचा सॅलिटी: साफसफाईची नोंद

एका जुन्या मशीनमध्ये सॅलिटी नावाचा व्हायरस शिरला होता. तो कसा काढला, त्याची ही नोंद. आधी मशीन. इंटेल जी-३१ बोर्ड, पेंटियम ड्युअल कोअर ई-५२००, २ जीबी डीडीआर-२, १६० जीबीची साटा डिस्क, विंडोज एक्सपी एसपी-३. वर पेजमेकर ७ (पानं जुळवायचं सॉफ्टवेअर) आणि जुनी श्रीलिपी (मराठी टायपिंग आणि फॉन्टचं सॉफ्टवेअर), हार्डवेअर लॉकसकट. त्या जुन्या श्रीलिपीतला मजकूर युनिकोड नाही. फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडला की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. वर्षानुवर्षांच्या लग्नपत्रिका, अहवाल, स्मरणिका या एकाच डिस्कवर नीट उघडतात आणि सेटअपच्या सीडीवर ओरखडे आहेत. म्हणून ‘फॉरमॅट मारा आणि मोकळे व्हा’ हा उपाय इथे सर्वांत शेवटी.

तसाही नुसता सी (डिस्कचा विंडोज असलेला भाग) फॉरमॅट करून सॅलिटी जात नाही. तो फाइलला चिकटणारा व्हायरस आहे: ईएक्सई (प्रोग्राम) आणि एससीआर (स्क्रीनसेव्हर) फाइलींच्या शेवटी स्वतःला जोडतो आणि फाइल चालवली की आधी स्वतः चालतो. सी कोरा केला, विंडोज नव्याने टाकलं आणि डी वर ठेवलेला प्रिंटरचा ड्रायव्हर चालवला की पाच मिनिटांत सगळं पुन्हा होतं तिथे. ‘चार वेळा फॉरमॅट केलं तरी येतो’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

दिवस १. ओळख

टास्क मॅनेजर आणि रेजएडिट (रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही, बदलायचं टूल) दोन्ही ‘ॲडमिनिस्ट्रेटरने बंद केलं आहे’ म्हणतात. फोल्डर ऑप्शन्समध्ये ‘हिडन फाइल्स दाखवा’ निवडलं तरी पुन्हा मागे जातं. पेनड्राइव्ह लावला की त्यावर ऑटोरन डॉट आयएनएफ (ड्राइव्ह लावताच प्रोग्राम आपोआप चालवायला सांगणारी फाइल) आणि अगम्य नावाची एक पीआयएफ फाइल (हीही प्रोग्रामसारखी चालते) उतरते. विंडोज फोल्डरमधल्या सिस्टम डॉट आयएनआयच्या तळाशी एमसीआयडीआरव्ही-व्हीईआर नावाचा विभाग सापडला. ही सॅलिटीची जुनी खूण.

एफ-८ दाबून सेफ मोड घेतला तर निळा स्क्रीन, स्टॉप ७-बी (बूटची डिस्क सापडत नाही). इथे पुष्कळ जण डिस्क किंवा केबल बदलायला धावतात. पण नॉर्मल बूट व्यवस्थित होतं. डिस्कचा दोष असता तर तो दोन्हीकडे दिसला असता. सॅलिटी रजिस्ट्रीतली सेफबूट ही की पुसतो, त्यामुळे सेफ मोडला कोणते ड्रायव्हर चढवायचे हेच विंडोजला कळत नाही.

पक्की खात्री करायला नोटपॅडची एक कॉपी डी वर वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली. एक्सपी एसपी-३ मधलं नोटपॅड ६९,१२० बाइटचं असतं. कॉपी चालवली, मशीन अर्धा तास तसंच सुरू ठेवलं, मग प्रॉपर्टीज पाहिल्या: आकडा लाखाच्या पुढे. सिस्टम-३२ मधलं मूळ नोटपॅड मात्र जसंच्या तसं. सॅलिटी विंडोजच्या संरक्षित फाइलींना सहसा हात लावत नाही. म्हणूनच या संरक्षित फाइली तपासणारा विंडोजचा सिस्टम फाइल चेकर ‘सगळं ठीक’ म्हणाला तरी त्यावरून मशीन साफ आहे असं धरता येत नाही.

ओळख पटली तसं मशीन बंद केलं. यापुढे या डिस्कवरून विंडोज चालू करायचं नाही. नियम हा एकच आहे आणि मोडतो तोही हाच. चालू विंडोजमधून स्कॅन केला तर स्कॅनर फाइल साफ करतो आणि मेमरीतला सॅलिटी मागच्या दाराने तीच फाइल पुन्हा बाधित करतो. शिवाय अँटिव्हायरसच्या व्याख्यांच्या (व्हायरस ओळखायच्या खुणांच्या) फाइली तो शोधून पुसतो, त्यामुळे आधीपासून बसवलेला अँटिव्हायरस अशा वेळी नुसता शोभेला उरतो.

दिवस २. प्रत

डिस्क काढून साटा-टू-यूएसबी अडॅप्टरने लिनक्स मशीनला लावली. ३.५ इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात, तेव्हा स्वतंत्र पॉवर असलेलाच अडॅप्टर घ्या. लॅपटॉप डिस्कवाला छोटा अडॅप्टर चालत नाही. लिनक्सवर डिस्क आपोआप माउंट होणं (उघडली जाणं) आधी बंद केलं आणि स्मार्टच्या, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ठेवते त्या, नोंदी पाहिल्या. रिॲलोकेटेड सेक्टर (खराब म्हणून बदललेल्या जागा, क्रमांक ५) ८, पेंडिंग सेक्टर (वाचता न येणाऱ्या, संशयित जागा, क्रमांक १९७) शून्य. पेंडिंगचा आकडा वाढत असता तर आधी डिस्क बदलली असती. मरणाऱ्या डिस्कवर काही तासांचा स्कॅन चालवणं म्हणजे तिला धक्का देणंच.

डीडीरेस्क्यूने (खराब डिस्कवरूनही प्रत काढणारं लिनक्सचं टूल) पूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे तंतोतंत प्रत, ३२० जीबीच्या बाहेरच्या डिस्कवर घेतली. यूएसबी २ वर वेग सेकंदाला ३० एमबीच्या आसपास, म्हणजे दीड तास. टेबलावर उघडी पडलेली डिस्क ५२ अंशांपर्यंत तापली. समोर ८० मिमीचा पंखा लावल्यावर ४१ वर आली. इमेजला व्हायरससकट हात लावायचा नाही. क्युअर (फाइलमधला व्हायरस कापून ती दुरुस्त करणं) फसला तर परत जायला जागा तेवढीच.

श्रीलिपीची सीडी हे या दिवसाचं खरं काम ठरलं. एका डीव्हीडी ड्राइव्हवर ती ४० टक्क्यांच्या पुढे अडकत होती. डीडीरेस्क्यूला २,०४८ बाइटचा सेक्टर सांगितला आणि मॅपफाइल (काय वाचून झालं, काय राहिलं याची नोंद) ठेवली. पहिल्या ड्राइव्हवर जितकं वाचलं गेलं तितकं घेतलं, मग तीच सीडी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये टाकून तीच मॅपफाइल पुढे चालवली. दोन लेन्स वेगवेगळ्या ओरखड्यांवर अडखळतात, आणि दुसरीने फक्त राहिलेल्या जागाच वाचायच्या असतात. मधून एकदा सीडी ओल्या मऊ कापडाने केंद्राकडून कडेकडे पुसली. गोल गोल पुसू नका, ट्रॅकच्या दिशेने पडलेला ओरखडा वाचायला सगळ्यात अवघड. तिसऱ्या फेरीत पूर्ण आयएसओ (सीडीची एका फाइलीतली प्रत) हातात आली. बाधित मशीन कधीच न पाहिलेली सेटअपची प्रत मिळाली म्हणून पुढचं सगळं जमलं.

दिवस ३. स्कॅन

स्कॅनआधी लिनक्सवरून पेजफाइल (विंडोज मेमरीचा काही भाग ठेवतं ती फाइल), टेम्प फोल्डर, रिसायकल बिन आणि सिस्टम व्हॉल्यूम इन्फॉर्मेशनमधले रिस्टोअर पॉइंट (विंडोजला मागच्या स्थितीत नेण्यासाठी ठेवलेल्या प्रती) पुसले. रिस्टोअर पॉइंटमध्ये बाधित ईएक्सईच्या जुन्या प्रती असतात. त्या ठेवून केलेली साफसफाई कधीही उलटू शकते.

मग ४ जीबी रॅमच्या दुसऱ्या मशीनची स्वतःची डिस्क काढून ठेवली, ही डिस्क तिथे साटावर लावली आणि कॅस्परस्की रेस्क्यू डिस्कने (विंडोज चालू न करता स्कॅन करणारी डिस्क) बूट केलं. २ जीबीवर हीच रेस्क्यू डिस्क रांगते. व्याख्या ताज्या करूनच स्कॅन सुरू केला. क्लॅमएव्ही हा मोफत अँटिव्हायरस इथे उपयोगाचा नाही. तो फाइल ओळखतो आणि बाजूला हलवतो, पण तिच्यातला व्हायरस कापून काढत नाही. आपल्याला हवा क्युअर. सरसकट डिलीट निवडलं तर पेजमेकरच उडेल.

चार तासांनी ३१२ फाइली बाधित, २९७ दुरुस्त, १५ दुरुस्त होण्यापलीकडे. दुरुस्त झालेल्यांतही सगळ्या चालतीलच असं नाही. स्वतःच्या मजकुराची बेरीज (चेकसम) तपासणारे इन्स्टॉलर ‘फाइल खराब आहे’ म्हणून उघडायला नकार देतात, कारण व्हायरस कापल्यावर फाइल मूळ आकाराची किंवा तंतोतंत मूळ राहतेच असं नाही. म्हणून सेटअपच्या फाइली दुरुस्त झालेल्या असल्या तरी सरळ पुसल्या. श्रीलिपीची मुख्य ईएक्सई दुरुस्त झाली होती, तरी तीही आयएसओतून नव्याने घेतली. कागदपत्रं, चित्रं, फॉन्ट यांना सॅलिटी चिकटत नाही. ती जशीच्या तशी.

दुसऱ्या दिवशी वेगळ्या कंपनीची रेस्क्यू डिस्क वापरून पुन्हा स्कॅन केला. आणखी दोन फाइली निघाल्या, दोन्ही डी वरच्या जुन्या गेमच्या. दुसऱ्या स्कॅनचा वेळ वाचवू नका.

दिवस ५. रजिस्ट्री

डिस्क परत मूळ मशीनमध्ये. नेटची केबल काढलेली, यूएसबी पोर्ट रिकामे. सीमॉस बॅटरी (बोर्डवरचं घड्याळ आणि बायॉसच्या सेटिंग्ज जपणारी) मोजली तर २.४ व्होल्ट, नवी सीआर-२०३२ टाकली. बॅटरी बदलल्यावर बायॉसमध्ये तारीख आणि बूटचा क्रम पुन्हा घाला. घड्याळ मागे असेल तर नवी टूल्स मुदत चुकल्याची कुरकुर करतात.

मशीनवर न्यायचं सगळं सीडी-आरवर, सेशन बंद करून. पेनड्राइव्ह नाही. एखादी बाधित फाइल राहिलीच असेल तर ती सीडी-आरवर काहीही लिहू शकत नाही. पहिलं टूल कॅस्परस्कीचं सॅलिटी-किलर: मेमरीत काही सापडलं नाही. रेजएडिट अजून बंदच. क्युअर फाइली दुरुस्त करतो, व्हायरसने बदललेल्या सेटिंग्ज तशाच राहतात. कमांड लाइनवरून रजिस्ट्री बदलणारी रेग कमांडसुद्धा त्याच कुलपाखाली येते, म्हणून टास्क मॅनेजर आणि रजिस्ट्रीची बंदी पुसणारी चार ओळींची आयएनएफ फाइल केली आणि राइट-क्लिक करून इन्स्टॉल म्हटलं. कुलूप उघडलं.

सेफबूटची की दुसऱ्या एक्सपी एसपी-३ मशीनवरून एक्सपोर्ट करून आणली. सर्व्हिस पॅक तोच हवा. इम्पोर्टनंतर एफ-८, सेफ मोड पहिल्या फटक्यात उघडला. सिस्टम डॉट आयएनआयमधला तो विभाग पुसला. फायरवॉलच्या परवानगी यादीत व्हायरसने घुसवलेल्या नोंदी काढल्या. मग ऑटोरनचं दार: रजिस्ट्रीतल्या नो-ड्राइव्ह-टाइप-ऑटोरनची किंमत २५५ केली (सगळ्या ड्राइव्हवरचं ऑटोरन बंद) आणि मायक्रोसॉफ्टचा केबी ९७१०२९ हा अपडेट टाकला. सॅलिटीचे काही प्रकार विंडोजच्या शॉर्टकट फाइलींमधल्या दोषातूनही शिरतात, त्यासाठी केबी २२८६१९८ हा अपडेट.

पेनड्राइव्हवर ऑटोरन डॉट आयएनएफ नावाचा फोल्डर करून ठेवायची युक्ती बरीच चालते. पण लसीइतका भरवसा तिच्यावर ठेवू नये. फोल्डर पुसून आपली फाइल टाकणारे व्हायरस आहेत.

दिवस ६ ते १२. पहारा

स्कॅनर ‘साफ’ म्हणाला म्हणून काम संपत नाही. सी आणि डी वर मिळून सहा ठिकाणी नोटपॅडच्या कॉप्या ठेवल्या, प्रत्येकीचा एमडी-५ (फाइलच्या मजकुरातून काढलेली बेरीज, फाइल जराही बदलली की तीही बदलते) कागदावर लिहिला. रोज मशीन चालू करून पेजमेकर, श्रीलिपी, प्रिंटरचं टूल असं सगळं चालवायचं, त्या सहा कॉप्याही उघडायच्या. रात्री लिनक्सच्या लाइव्ह सीडीवरून बूट करून एमडी-५ पुन्हा काढायचा. विंडोजमधून काढलेला हिशोब इथे ग्राह्य नाही.

सहाव्या दिवशी सहाही ६९,१२०. नवव्या दिवशी झेरॉक्सच्या दुकानातून आलेला पेनड्राइव्ह आधी लिनक्सवर उघडला तर त्यावर शॉर्टकट व्हायरस (फोल्डर लपवून त्यांच्या जागी शॉर्टकट ठेवणारा). तिथेच साफ केला, एक्सपीला तो दिसलाच नाही. बाराव्या दिवशी सहाही ६९,१२०, बेरजा जुळतात, सेफ मोड उघडतो.

मशीन आता नेटबाहेरच राहील. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ लाच संपला. राहिलेलं काम: स्वच्छ डिस्कची नवी इमेज घेणं, जुनी व्हायरसवाली इमेज ठळक लेबल लावून आणखी महिनाभर ठेवणं, आणि पेजमेकरच्या जुन्या फाइलींच्या पीडीएफ काढायला सुरुवात करणं. आज स्मरणिकांपासून सुरू केलं. फॉन्ट पीडीएफमध्ये एम्बेड झाल्याची खात्री दस्तऐवजाच्या प्रॉपर्टीजमध्ये करून घेतली. पहिल्या फाइलीतला ‘र’चा रफार नीट बसलेला आहे.