ताई म्हणते, तू नव्हतीसच

मी लिहितेय त्या आठवणींतलं मुंबईच्या गिरणी संपाचं प्रकरण ताईला वाचायला दिलं होतं. आज तिचा फोन आला. बाकी कशाबद्दल चकार शब्द नाही, एवढंच म्हणाली, "बाबांनी डबा आपटला म्हणतेस, तेव्हा तू घरी नव्हतीसच. तुला आणि धाकट्याला आत्याकडे गावी धाडलं होतं."

दुपारभर वही उघडवली नाही. मला तो डबा दिसतो. झाकण घरंगळत मोरीपर्यंत गेलं, आई मुकाट्यानं उठली. मी पाहिलं नाही, तर हे आलं कुठून? आईच्या तोंडून ऐकलं आणि माझं करून बसले? आई असती तर... असो.

बाहेरचं सगळं ताडून घेता येतं. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पगारवाढ हवी, बदलीवाल्यांना, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी रोजावर घेतलेल्यांना, कायम करा, एकाच युनियनला मान्यता देणारा 1946 चा औद्योगिक संबंध कायदा रद्द करा, या मागण्या. संप मागे घेतल्याचं रीतसर कुणी कधी जाहीरच केलं नाही. लालबाग-परळच्या किती खोल्यांतून माणसं गावी गेली, त्यात पोरंही. म्हणजे ताईचं खरं असू शकतं. पण आमच्या खोलीत काय आपटलं, याची नोंद कुठल्या कागदावर सापडायची?

रडूच आलं. जन्मभर उराशी धरलेलं तेवढंही माझं नसेल, तर मी लिहायचं कशाच्या जोरावर? ताईला तेव्हा कळत होतं, तिनंच लिहावं. ती लिहिणार नाही. आई खानावळीत चपात्या लाटायला जायची, हे तिला अजून कुणापुढे काढलेलं चालत नाही. आणि भावोजी... ते राहू दे.

संध्याकाळी मीच फोन लावला. म्हटलं, मी नव्हते ना, मग काय झालं ते तू सांग. बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "डबा नव्हता गं. ताट होतं. बाबांनी आपटलंही नाही, पुढे सारलं. पातेल्यात आईपुरतं काही उरलं नव्हतं, ते त्यांना दिसलं."

मी आजवर तो राग समजत होते.

प्रकरण फाडणार नाही. माझा डबा आहे तसा राहील, त्याखाली ताईचं ताट, तिच्याच शब्दांत. दोन्ही खरं कसं, ते मला सांगता येणार नाही. वाचणाऱ्याला दोन्ही दिसू देत. साचाखात्यातलं, म्हणजे गिरणीच्या विणकाम विभागातलं, बाबांचं काम मात्र आधी यायला हवं, नाहीतर ते ताट कळायचं नाही. रविवारी वही घेऊन ताईकडे जाते. ती सांगेल तेव्हा मध्ये बोलायचं नाही.