पिकअपचा एअर फिल्टर : दोन सेंटिमीटरचं भांडण

गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की फिल्टर राहतो बाजूला आणि ‘ती घेतलीसच कशाला’ सुरू होतं. अडीच लिटरचं कॉमन रेल टर्बो डिझेल, बीएस-४, डबल कॅब. बॉनेटखाली कोपऱ्यात काळा चौकोनी डबा आणि त्यात पॅनेल फिल्टर. आठवडाभर मुलुंड-विक्रोळी, आणि महिन्यातून दोनदा मुरबाड, टोकावडे, माळशेज घाटातून ओतूरला भावाच्या मळ्यावर. येताना मागे कांदे नाहीतर टोमॅटो.

८६,४१० किमी, जानेवारी

सर्व्हिसिंगला फिल्टर काढला तर पुढची बाजू चुलीच्या राखेसारखी. मेस्त्री म्हणाला, “दादा, हवा मारून देतो, अजून पाच हजार चालेल.” आणि मी ‘थांब’ म्हणेपर्यंत त्याने टायरच्या हवेची नळी उचलून कागदावर धरली सुद्धा. रात्री घरी अंधार करून फिल्टरमागे मोबाइलचा टॉर्च लावला. घड्यांमधून मंद, सारखा पिवळा उजेड यायला हवा. तसा येत होताही, फक्त एका घडीच्या दुमडीत तीन ठिपके लख्ख पांढरे. ती भोकं. आधीपासून होती की हवेच्या झोताने पडली, देव जाणे. तेव्हापासून कागदी फिल्टरला कॉम्प्रेसर लावू देत नाही. आपटून पडेल तेवढी धूळ पाडायची, नाहीतर नवा घ्यायचा.

म्हणजे नवा घेणं आलंच. मग नेहमीचा प्रश्न: परत कागदी, की धुऊन पुन्हा वापरायचा तेल लावलेला कॉटनचा? आमच्या ग्रुपमध्ये या प्रश्नावर बोलाचाली बंद झालेले दोन जण आहेत.

८६,६०० किमी

दुकानात जाण्याआधी वहीत हिशेब केला. चार स्ट्रोकचं अडीच लिटर इंजिन दोन फेऱ्यांत अडीच लिटर हवा ओढतं. २००० आरपीएमला मिनिटाला २५०० लिटर. टर्बो जोरात असेल तर साधारण दुप्पट धरा: पाच घनमीटर, तासाला तीनशे. आपल्याकडे पीएम-१० ची, म्हणजे हवेत तरंगणाऱ्या बारीक धुळीची, चोवीस तासांची मर्यादा आहे घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम. त्या हवेतून तासाला ३० मिलिग्रॅम धूळ आत जाईल. दहा तास टर्बो सतत पेटलेला ठेवला तरी चिमूटभर मिठाएवढी! मुंबईची हवा मर्यादेच्या तिप्पट घाण धरली, तरी हा फिल्टर इतक्यात भरायला नको होता.

मग राख आली कुठून? रोजच्या वाटेवर, मेट्रोच्या कामाच्या पत्र्यांशेजारी, खडी भरलेल्या डंपरच्या मागे मी जी पंधरा मिनिटं घालवतो, तिथून. आणि मळ्याच्या शेवटच्या दोन किलोमीटर कच्च्या रस्त्यावरून, तेही भावाच्या ट्रॅक्टरच्या मागे. ट्रॅक्टरचं बरं आहे, त्याला तेलाच्या वाटीचा फिल्टर. वाटीत चिखल दिसला की वाटी धुवायची, तेल बदलायचं. आम्हा शहरी लोकांना कागद आणि कॉटनवरून भांडायला वेळ आहे.

या हिशेबाने एक गोष्ट पक्की झाली. अंतर राखायला काही पैसे पडत नाहीत. डंपर दिसला की आता मी पन्नास मीटर मागे राहतो. मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू दे.

८६,७५० किमी, खरेदी

ऑपेरा हाऊसच्या बाजूला पार्टच्या दुकानांत दोन तास. कागदी फिल्टर दोन प्रकारचे समोर ठेवले. हातात घेऊन बघा, फरक कळतो: एकात घड्या मोजल्या तर बऱ्याच कमी, कडेचं रबर प्लॅस्टिकच्या चपलेसारखं कडक, कोपऱ्यात गोंदाचे ओघळ. दुसऱ्यात घड्या दाट आणि सरळ, कडेची पट्टी बोटाने दाबली की दबते आणि हळूहळू वर येते. ही दबणारी पट्टी महत्त्वाची, पुढे येईलच. शेठला विचारलं, “ओरिजिनल ना?” तो म्हणाला, “बिल देतो, अजून काय पाहिजे?” घेतला.

कॉटनचा विकत घेतला नाही. एका मित्राने काढून ठेवलेला होता, माझ्याच डब्याच्या मापाचा. तो उसना आणला.

८७,१२० किमी, नळीचा प्रयोग

आता खरी मजा. फिश टँकच्या दुकानातून पारदर्शक नळी आणली, फळीवर इंग्रजी यू च्या आकारात ठोकली, मधे मोजपट्टी. पाण्यात जिलेबीचा केशरी रंग, नाहीतर पातळी दिसत नाही. डब्याच्या झाकणात, फिल्टरच्या स्वच्छ बाजूला बारीक भोक पाडून पितळी निपल बसवलं आणि नळीचं एक टोक तिथे जोडलं. दुसरं टोक मोकळं. इंजिन जितकं ओढेल तितकं पाणी एका बाजूला चढतं. दोन पातळ्यांतलं अंतर म्हणजे अडथळा. नळीची उंची भरपूर ठेवा, नाहीतर केशरी पाणी थेट टर्बोकडे.

पहाटे माळशेजच्या चढाला, तिसरा गिअर, पाय पूर्ण खाली, ३००० आरपीएम. मागच्या सीटवर फळी धरून भाचा. तो ओरडायचा, मी लक्षात ठेवायचो.

जुना भोकवाला फिल्टर: “मामा, छत्तीस!” नवा कागदी: एकवीस. कॉटनचा: एकोणीस. आणि पुढे-मागे एकही गाडी नाही, स्वच्छ डांबर, म्हणून मोजून सहा सेकंद फिल्टरच काढून: सोळा.

हा शेवटचा आकडा मी तीनदा तपासला. एकवीसपैकी सोळा सेंटिमीटर अडथळा डब्याचा आणि बाहेरून हवा आणणाऱ्या वाकड्या पाइपचा, फिल्टरचा नाहीच. कागद आणि कॉटनमधला फरक दोन सेंटिमीटर. वातावरणाचा दाब पाण्याच्या भाषेत १०३३ सेंटिमीटर. म्हणजे जवळपास पाचशेत एक. पेट्रोलसारखं इथे थ्रॉटलने हवा अडवून इंजिनाची ताकद ठरवत नाहीत आणि एवढी तूट टर्बो सहज भरून काढतो. ‘कॉटन लावल्यावर पिकअप वाढला’ म्हणणाऱ्यांचा जुना फिल्टर माझ्यासारखा छत्तीसवर होता, असं माझं मत आहे. नवा कागदी लावला असता तरी गाडी तशीच पळाली असती.

८७,९०० किमी, माझी चूक

तरी कॉटनला न्याय द्यावा म्हणून महिनाभर वापरला. त्याआधी धुतला, सुकवला आणि तेल मारलं. जरा जास्तच मारलं. तेलाच्या डब्यावर लिहिलेलं असतं, हलका थर द्या, वीस मिनिटं थांबा. मी आणखी दोन हात मारले, आईने पोळीला तूप लावावं तसे. मुरबाडच्या पुढे गाडी मलूल, आरशात काळा धूर. ओबीडी रीडरवर (गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे दाखवणारं यंत्र) एअर फ्लोचा, म्हणजे आत जाणाऱ्या हवेचा, आकडा आधीपेक्षा बराच कमी. त्या सेन्सरचा तापलेला बारीक थर हवेने किती थंड होतो यावर इंजिन हवा मोजतं, आणि ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) त्याच आकड्यावर चालतो. त्यावर तेल बसलं की हिशेब चुकतो. सेन्सर क्लीनरचा स्प्रे, अर्धा तास वाळवण, आकडा परत जागेवर. चूक फिल्टरची नाही, माझी. पण अशी चूक करायची सोय कागदात नाही, हेही खरंच.

८८,८०० किमी, ग्रीसचं बोट

फिल्टरमधून इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपच्या आत ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवायचा आणि सातआठशे किलोमीटरनंतर बोट फिरवून बघायचं. कॉटनच्या महिन्यात सगळीकडे बारीक कचकच लागली, दातांखाली खडा यावा तशी. एक फिल्टर ९९ टक्के धूळ अडवतो आणि दुसरा ९७ असं समजा. ऐकायला दोनचा फरक, पण इंजिनात एकाच्या जागी तीन भाग जातात, तिप्पट. पिस्टनची रिंग आणि सिलिंडरचा लायनर यांच्यामधला तेलाचा थर काही मायक्रॉनचा. त्यात खडीची भुकटी नको.

कागदी परत लावला, पुन्हा ग्रीस. या वेळी पाइप स्वच्छ, फक्त एका बाजूला करड्या रंगाची उभी रेघ. कागदातून आलेली धूळ अशी रेघेत येत नाही. डबा उघडून पाहिला तर त्याच बाजूची क्लिप अर्धी तुटलेली, झाकण जेमतेम बसलेलं, दबणारी पट्टी तिथे दबतच नव्हती. मी फिल्टरांची तुलना करत होतो आणि धूळ त्याला वळसा घालून जात होती, बहुधा दोन वर्षं.

कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुन्या गाडीचं झाकण साडेतीनशेला मिळालं, चारही क्लिपा शाबूत. निपलचं भोक त्यालाही पाडलं. पुढच्या आठशे किलोमीटरनंतर बोट कोरडं ठणठणीत.

९१,२०० किमी, जूनचा पहिला आठवडा

पावसाआधी डबा खाली उतरवला. तळाशी पाणी जायला रबराची छोटी चोच असते, त्यात वडाचं पान आणि चिखल घट्ट बसलेला. ती मोकळी नसेल तर पाणी साचतं, कागद भिजून फुगतो आणि अडथळा एकदम वाढतो. काढून धुतली. हवा ओढायचं तोंड फेंडरच्या आत, बंपरच्या जेमतेम वर आहे, म्हणून पावसात तुंबणाऱ्या गांधी मार्केटच्या पाण्यात घालायचं धाडस करणार नाही. स्नॉर्केल, म्हणजे छपराच्या उंचीवरून हवा ओढणारा उभा पाइप, लावावा का, हा विचार चालू आहे, पण आधी नळी लावून त्याचा अडथळा मोजेन.

कॉटनचा धुऊन मित्राला परत केला. कागदीचा आजचा आकडा तेवीस. ट्रक आणि जनरेटरवरचा, फिल्टर भरला की लाल होणारा इंडिकेटरही हाताळून पाहिला, पण तो २५ इंचाला, म्हणजे साडेत्रेसष्ट सेंटिमीटरला लाल होतो. माझ्या गाडीला फार उशीर. मी तीसला बदलणार. पुढचं मोजमाप दिवाळीत, माळशेजलाच, भाच्याची परीक्षा नसेल तर.